जुन्या मिआटाचा सेंटर कन्सोल: काढायचा कसा, सुधारायचा कसा, परत बसवायचा कसा

पहिल्या पिढीची मिआटा (माझ्दाची दोन सीटांची, टप उघडणारी छोटी गाडी) घेतली की सुरुवातीचं वर्ष इंजिन, टायर आणि टप यांच्या मागेच जातं. गाडी मार्गी लागली की नजर आत वळते, आणि सगळ्यात आधी खुपतो तो सेंटर कन्सोल. दोन सीटांच्या मधल्या या लांबट प्लास्टिकच्या खोक्यावर तीस वर्षं कोणी ना कोणी कोपर टेकलेलं असतं, अंगठ्या आणि किल्ल्या घासलेल्या असतात. झाकण लुळं पडतं, स्क्रूची भोकं फुटतात आणि कॅलिफोर्नियातली गाडी असेल तर उन्हाने वरचा भाग राखाडी झालेला असतो.

भारतात माझ्दा म्हटलं की आपल्याला स्वराज माझ्दाची मिनीबस आठवते. ही गाडी तिथे कधी विकलीच गेली नाही. त्यामुळे हा लेख मुख्यतः अमेरिका-इंग्लंडात राहून ही गाडी बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आलेली आणि १९९७ पर्यंत बनलेली ही ‘एनए’ पिढी: उघडझाप होणारे हेडलाइट, हाताचे पाच गिअर. युरोपात तिला एमएक्स-५ म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर होती. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरच्या भागाची रचना वेगळी असते, तो भाग सोडून बाकीचं तुम्हालाही लागू आहे. प्लास्टिक धुण्याचं आणि रंगवण्याचं तंत्र तर कुठल्याही जुन्या गाडीला चालेल.

कन्सोल काढणं हे तासाभराचं काम आहे. सगळे त्यालाच घाबरतात आणि घाईने रंगाचा डबा उचलतात. खरं काम या दोन्हींच्या मधलं, म्हणजे धुण्याचं आहे. म्हणून या लेखात धुलाईचा भाग मोठा आणि रंगाचा छोटा आहे.

१. आधी ठरवा: हाच सुधारायचा की दुसरा आणायचा

भंगारयार्डात एनए आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत, आणि मिळाली तरी तिचा कन्सोलही तीस वर्षांचाच असतो. दुसरा घ्यायचाच असेल तर वरची चकाकी बघू नका, उलटा करून बघा. स्क्रू बसतात ती भोकं शाबूत आहेत का, झाकणाची बिजागरी धरते का, खिडक्यांच्या बटणाच्या चौकटीचे कोपरे तडकलेत का? वरचे ओरखडे आणि उडालेला रंग दुरुस्त होतात. मोठा तुकडाच गायब असेल तर मात्र दुसरा शोधलेला बरा. तुमची गाडी हाताने काच फिरवायच्या हँडलची असेल तर बटणाच्या जागी नुसती पट्टी असते, हेही जुळवून घ्या.

माझ्दाने २०१७ मध्ये जपानात या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली आणि काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. त्यात लाकडी गिअर नॉबसुद्धा होता. त्यामुळे नव्या भागांची चौकशी करायला हरकत नाही, पण त्या भरवशावर काम अडवून ठेवू नका.

२. काय काय हाताशी हवं

काढण्यासाठी:

- जेआयएस (जपानी मानक) मापाचा चार-खाची स्क्रू ड्रायव्हर, २ नंबर. एक लांब, एक आखूड.
- १० मिमीचा सॉकेट, रॅचेट आणि एक्स्टेन्शन
- प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या (ट्रिम टूल). लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालून कडा उचकटू नका.
- कपाळावर लावायचा टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा
- स्क्रू ठेवायला खणाखणांचं काहीतरी. मी स्वयंपाकघरातून निवृत्त झालेलं आप्पेपात्र वापरतो. प्रत्येक खळगा एका जागेचा, शेजारी चिकटपट्टीवर नाव.

सुधारण्यासाठी:

- भांडी घासायचं लिक्विड, मऊ टूथब्रश, मायक्रोफायबरची फडकी
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगाच्या दुकानात मिळणारा मेण-तेल काढणारा क्लीनर
- ३२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- प्लास्टिकवर चालणारी लवचीक लांबी (खड्डे भरायची पुटी), अ‍ॅसिटोन, रुंद वायसर
- अ‍ॅडहीजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून आधी मारायचा थर), टेक्श्चर स्प्रे, गाडीच्या आतल्या भागासाठीचा व्हिनाइल-प्लास्टिक रंग
- सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क, नायट्राइलचे हातमोजे

पहिल्या ओळीतल्या स्क्रू ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. जपानी गाड्यांचे चार-खाची स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांच्या खाचेचा आकार वेगळा असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर घसरतं आणि खाच खाऊन टाकतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर बारीकसा ठिपका असतो, तो दिसला की समजायचं. तीस वर्षं न हललेल्या स्क्रूला पहिला झटका बरोबर हत्यारानेच बसला पाहिजे.

कॅलिफोर्नियात हवेच्या नियमांमुळे काही सॉल्व्हंट आणि स्प्रे मिळतच नाहीत, आणि बऱ्याच दुकानांत रंगाचे डबे कुलपात असतात. ऑनलाइन मागवताना ‘कॅलिफोर्नियात पाठवत नाही’ ही ओळ आधी वाचा.

३. तयारी

गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढे-मागे अडसर ठेवा. टप खाली करा. या गाडीत टप बंद ठेवून काम करणं म्हणजे फुकटची कंबरदुखी. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यामुळे न्यू जर्सीच्या जानेवारीत बिनहीटरच्या गॅरेजमध्ये हा उद्योग नको. गाडी थोडा वेळ उन्हात उभी असेल तर उत्तम.

बॅटरी बॉनेटखाली शोधू नका, ती डिकीत उजव्या बाजूला असते. १० मिमीने निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि काही मिनिटं थांबा. अमेरिकेतल्या गाड्यांना एअरबॅग असते. कन्सोल काढताना तिला हात लावावा लागत नाही, तरी डॅशबोर्डखाली पिवळ्या रंगाची वायर किंवा कनेक्टर दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बॅटरी सोडलेली असताना मध्येच ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवायची नाही. रेडिओला कोड असेल तर तो आधीच शोधून ठेवा.

डिकीत आहातच तर बॅटरीचा प्रकारही बघून घ्या. मूळ बॅटरी बंदिस्त जातीची होती आणि तिची वाफ नळीने गाडीबाहेर जायची. आधीच्या मालकाने स्वस्तात साधी बॅटरी टाकलेली असेल आणि नळी लोंबत असेल, तर ते कन्सोलपेक्षा तातडीचं काम आहे.

४. कन्सोल सोडवणं

(अ) गिअर नॉब डावीकडे फिरवून काढा. आटे साधेच आहेत, १० मिमी व्यासाचे. घट्ट बसला असेल तर रबरी हातमोजा घालून फिरवा. पक्कड लावलीत तर नॉब गेला.

(आ) दोन्ही सीट पूर्ण मागे सरकवा. पाय ठेवायच्या जागेत, कन्सोलच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात. मान वाकडी करून टॉर्चने बघावं लागतं. ते काढले की सीट पुढे घ्या.

(इ) मागचा कप्पा उघडून रिकामा करा. तळाशी स्क्रू दिसतील. कधी त्यावर गालिच्याचा तुकडा असतो, कधी नुसता चिकटलेल्या गोळ्या-चॉकलेटचा थर. पेट्रोलचं झाकण उघडायची कळ याच कप्प्यात असते. तिच्या केबलला ओढ बसू देऊ नका.

(ई) अ‍ॅशट्रे बाहेर काढा आणि तिच्या जागेत टॉर्च मारा. सगळ्यात जास्त विसरला जाणारा स्क्रू इथला.

(उ) आता हँडब्रेक पूर्ण वर ओढा आणि कन्सोलची मागची बाजू हलकेच उचला. उचलत नसेल तर जोर वाढवू नका, राहिलेला स्क्रू शोधा. वर्षाप्रमाणे आणि आधीच्या मालकांच्या हौशीप्रमाणे एखादा जास्तीचा निघतो. रेडिओभोवतीच्या उभ्या चौकटीला मिआटावाले ‘टूमस्टोन’ म्हणतात. तिच्या पायाशी दोन्ही भाग एकमेकांना भिडलेले असतात. तिथली कड खेचून काढायची नाही, कन्सोल आधी मागे आणि मग वर घ्यायचा.

(ऊ) वीतभर वर आला की थांबा. खाली खिडक्यांच्या बटणाचा कनेक्टर आहे. त्याची खुंटी दाबा आणि कनेक्टरचं अंग धरून सोडवा, वायर धरून नाही. मग गिअरच्या आणि हँडब्रेकच्या दांड्यावरून कन्सोल तिरका करत बाहेर घ्या.

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. परत बसवताना स्मरणशक्तीवर विसंबणारा माणूस मी अजून यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

५. उघडं पडलंय तोवर: गिअरचे रबरी बूट

बहुतेक लोक कन्सोल काढतात, रंगवतात, लावतात, आणि उन्हाळ्यात पुन्हा तक्रार करतात की गिअरजवळून गरम हवा आणि तेलाचा वास येतो. त्याचं मूळ इथेच असतं. गिअरच्या दांड्याभोवती दिसतो तो मोठा रबरी बूट, म्हणजे रबरी आवरण, आणि त्याच्या खाली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, दुसरा छोटा. छोटा हमखास फाटलेला असतो. तो फाटला की तेल आणि उष्णता वर येते आणि मोठ्याचंही आयुष्य संपतं.

आधी सगळीकडून व्हॅक्युम फिरवा, कारण गिअरबॉक्सचं तोंड उघडल्यावर त्यात एक खडाही पडता कामा नये. गाडी थंड असू द्या. मोठ्या बुटाचे आणि दांड्याचे बोल्ट १० मिमीनेच सुटतात. दांडा वर निघाला की त्याच्या खालच्या टोकाची प्लास्टिकची टोपी बघा. झिजलेली असेल तर गिअर ढिला वाटतो, आणि ही टोपी काही महाग नाही. आतल्या खळग्यात तेल असतं, ते गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं राहतं. जुनं तेल सिरिंजने ओढून घ्या आणि ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरा. शंभर मिलीपेक्षाही कमी लागतं. दोन्ही बूट नवे लावा. ही गाडी लोक गिअर टाकायच्या मजेसाठी घेतात, तेव्हा कन्सोलला रंग लावायच्या आधी पैसे इथे घाला.

बोगद्यावरचा, म्हणजे कन्सोलखालच्या उंचवट्यावरचा, गालिचा ओला लागला तर तोही वाळवा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. सीटांच्या मागे टपाचं पाणी वाहून जायच्या वाटा असतात, त्या पानांनी तुंबतात.

६. धुणं

झाकण, बिजागरीची पिन, कुलूप, बटण, अ‍ॅशट्रे, गिअरचं कातडी कव्हर, सगळं सुटं करा. नुसतं प्लास्टिक उरलं पाहिजे.

या कामातला खरा शत्रू सिलिकॉन आहे. आधीच्या मालकांनी डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश वर्षानुवर्षं फासलेलं असतं. ते प्लास्टिकच्या रव्यात, म्हणजे त्या बारीक चामड्यासारख्या पोतात, मुरून बसतं. त्यावर रंग मारला की तो माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो, किंवा महिनाभराने नखाने सालीसारखा निघतो. पॉलिश पेपर मारून सिलिकॉन जात नाही, उलट आत रगडलं जातं. म्हणून क्रम पक्का: आधी धुवायचं, मगच घासायचं.

पहिला हात कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. टूथब्रश रव्याच्या सगळ्या दिशांनी फिरवा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा. वाळू द्या. मग मेण-तेल काढणारा क्लीनर: एका फडक्याने ओला करायचा, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. एकच फडकं वापरलंत तर घाण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते, बाकी काही होत नाही. फडक्याची बाजू सारखी बदला. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल.

झालं की नाही हे पाण्याने कळतं. बारीक शिंपडा मारा. पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले तर सिलिकॉन अजून आहे, पुन्हा पहिल्यापासून. पाणी पातळ पसरलं तर पुढे जा. यानंतर कन्सोलला उघडा हात लावू नका. हाताचं तेल, हँडलोशन, खोबरेल, सगळ्याचे ठसे रंगाखाली उमटतात.

गंमत म्हणजे इथवर आल्यावर बरेच कन्सोल रंगवायची गरजच उरत नाही. जो राखाडीपणा आपण झीज समजत होतो, ती वाळलेल्या पॉलिशची साय असते. भाग सुकवून उन्हात नेऊन बघा. रंग सारखा आणि रवा शाबूत असेल तर सिलिकॉन नसलेलं प्रोटेक्टंट लावून गप्प बसा. मूळ रव्याची सर कुठल्याही स्प्रेला येत नाही.

७. प्लास्टिक कुठलं, ते ओळखा

तडे असतील तर हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आतल्या बाजूला ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरं बाणांच्या मध्ये कोरलेली आहेत का बघा. झाकण आणि खोका वेगळ्या प्लास्टिकचे असू शकतात, दोन्ही तपासा.

छाप नसेल तर आतून नखाएवढी कपची काढून पाण्यात टाका. तरंगली तर पीपी. बुडाली तर बहुधा एबीएस, पण भुकटी मिसळलेलं पीपीही बुडतं. म्हणून दुसरी परीक्षा: आतल्या, न दिसणाऱ्या जागी अ‍ॅसिटोनचा एक थेंब. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. हाच अ‍ॅसिटोन दर्शनी बाजूला पुसायला वापरलात तर रवा वितळून जाईल, हे वेगळं सांगायला नको.

८. तडे आणि फुटलेली भोकं

तडा जिथे संपतो तिथे दीड-दोन मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो दुरुस्तीच्या पुढे निघून जातो. आतल्या बाजूने तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच करा.

एबीएस असेल तर त्याचाच भुगा काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून इडलीच्या पिठाएवढा दाट करा. तो खाचेत भरा, वरून जाळीची पट्टी बसवा, आणखी एक थर द्या. वरून तासाभरात कडक लागलं तरी आतून ओलं असतं. दोन दिवस हात लावू नका. दारं-खिडक्या उघडी, मास्क तोंडावर, आणि जवळपास वॉटर हीटरची ज्योतसुद्धा नको.

पीपीला हे चालत नाही, साध्या इपॉक्सीचाही भरवसा नाही. तिथे गरम स्टेपल बसवणारं यंत्र किंवा पीपीच्या काडीने वेल्डिंग. दोन्ही स्वस्त यंत्रांनी जमतं, फक्त आधी टाकाऊ बादलीवर हात बसवा.

स्क्रूची भोकं फुटतात कारण कुणीतरी ताकद दाखवलेली असते. भोक भरून पुन्हा पाडा आणि स्क्रूखाली रुंद वायसर घाला. काळा रंगवला की दिसतही नाही.

९. रंग

ओरखड्यांपुरताच पॉलिश पेपर मारा: ३२०, मग ४००, मग ६००. खोल जागी लांबी भरा. घासलेल्या जागी रवा नाहीसा होतो, तिथे टेक्श्चर स्प्रे लागतो. डबा लांब धरला तर दाणे जाड आणि कोरडे पडतात, जवळ धरला तर ओघळतात. तुमचा हात कुठे बसतो हे पुठ्ठ्यावर ठरवा.

पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसा. पीपी असेल तर अ‍ॅडहीजन प्रमोटर टाळता येत नाही, एबीएसला रंगाच्या डब्यावर काय लिहिलंय ते पाळा. मग रंगाचे तीन-चार पातळ हात, वीतभर अंतरावरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा आणि वाईट दिसतो. तसाच दिसायला हवा. तो झाकायला म्हणून दुसरा हात जाड दिलात की रवा बुजला.

रंगापेक्षा चमक जुळवणं अवघड. चकचकीत काळा कन्सोल दुपारी डोळ्यांवर तिरीप मारतो. सॅटिन किंवा मॅट घ्या आणि नमुना डॅशबोर्डशेजारी धरून दिवसाच्या उजेडात ताडून बघा, गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली नाही. कार्बन फायबरचा कागद चिकटवायचा मोह होतो. तुमची गाडी, तुमची मर्जी; पण वर्षभरात त्याच्या कडा उचलल्या की खालचा डिंक काढायला मला विचारू नका.

झाकणाला कोपराखाली मऊपणा हवा असेल तर तीन मिमी फोम आणि व्हिनाइल ओढून लावता येतं. चिकटवायचं द्रव्य जास्त उष्णता सोसणारं घ्या, साधं उन्हात सुटतं. बिजागरीच्या बाजूला जाडी वाढवू नका, झाकण बंदच होणार नाही.

१०. परत बसवणं

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. निदान दोन-तीन दिवस ठेवा.

प्लास्टिक जिथे पत्र्याला घासतं तिथे फेल्टची पट्टी लावा, करकर थांबते. आधी खिडक्यांचा कनेक्टर जोडा, मग कन्सोल खाली ठेवा. सगळे स्क्रू अर्धे लागल्याशिवाय एकही घट्ट करायचा नाही. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा, डावीकडे फिरवा. ‘टक’ करून जुन्या आट्यांत बसला की मग उजवीकडे पिळा. थेट पिळलात तर तो नवे आटे पाडतो आणि दोन-तीनदा असं झालं की भोक गेलं. घट्ट बसला की थांबा, आणखी पाव वेढ्याचा मोह आवरा.

बॅटरी जोडायच्या आधी गिअर पाचही आणि रिव्हर्स टाकून बघा, कव्हर कुठे अडकत नाही ना. हँडब्रेक पूर्ण वर-खाली करा. पेट्रोलच्या झाकणाची कळ ओढा. मग बॅटरी जोडा, दोन्ही काचा वर-खाली करा.

उरलेले स्प्रे आणि अ‍ॅसिटोन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. काउंटीचं घातक कचरा संकलन केंद्र असतं, बहुतेक ठिकाणी घरगुती माल फुकट घेतात, पण आधी वेळ ठरवावी लागते. आणि हो, आप्पेपात्र धुऊन परत स्वयंपाकघरात नेऊ नका, ते आता गॅरेजचं.